मानपानाच्या वहीतली चार बोटं

तोबियास हॉर्नुंगला साऱ्या राजेरजवाड्यांच्या घरच्या भानगडी ठाऊक होत्या. कुठल्या राणीला कितवा महिना, कुठल्या युवराजाला देवी आल्या, कुठल्या राजाचं बहिणीशी पटत नाही, सगळं. आणि या माणसानं जन्मात एकही राजा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आमचे ड्यूक महाराज रोज दिसायचे, पण ते राजे नव्हेत. हे वाक्य मी आज लिहू शकतो, कारण महाराज आता हयात नाहीत. ते असताना रौटेनफेल्समध्ये हे मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

तोबियास दरबारच्या कचेरीत होता. हुद्दा विचाराल तर शिपायाहून बोटभर वर आणि कारकुनाहून हातभर खाली. महाराजांच्या पत्रांच्या घड्या घालायच्या, रेशमी दोरा ओवायचा, लाख वितळवून मोहोर उठवायची, हे त्याचं काम. आणि बाहेरून पत्रं आली की ती तपासायची. मजकूर नाही हं. मजकूर मोठी माणसं वाचत. तोबियास मान तपासायचा.

राजेलोकांचं आपल्या व्याह्यांसारखंच असतं. लग्नात कुणाला नारळ कमी पडला, कुणाला बसायला पाट मिळाला नाही, यावरून जशी चूल वेगळी होते, तसं यांचं पत्रावरून व्हायचं. राजा राजाला लिहिताना 'प्रिय बंधू' म्हणणार. आमच्या महाराजांना फक्त 'प्रिय चुलतबंधू', आणि ते दुःख त्यांनी जन्मभर उराशी बाळगलं. मग त्या मायन्याखाली कोरी जागा सोडायची. जितकी जागा जास्त, तितका मान मोठा. मायन्याला चिकटून मजकूर सुरू केला, तर ते तोंडावर दार आपटण्यासारखं. कुणाकडून किती जागा यायला हवी आणि कुणाला किती द्यायची, हे सगळं कचेरीतल्या एका जाड्या वहीत लिहिलेलं होतं. आम्ही तिला मानपानाची वही म्हणायचो. जागा मोजायची ती बोटं आडवी ठेवून.

तोबियासनं अठ्ठावीस वर्षं बोटं ठेवली. बाप त्याचा मेणबत्त्या करायचा, त्यामुळे पोराच्या हाताला चटक्यांची भीती नव्हती, म्हणून त्याला कचेरीत घेतलं. पुढे त्याच्याइतकी सरळ मोहोर आजूबाजूच्या सात संस्थानांत कुणाची उठत नाही, असा लौकिक झाला. मी गावचा न्हावी. माझ्या खुर्चीत बसला की हनुवटीला साबण असतानाच सुरू व्हायचा, "आमच्या तुरीनच्या चुलतभावाला पुन्हा मुलगीच झाली हो. चौथी! बिचाऱ्यानं पत्रात आनंद लिहिलाय, पण मोहोर बघा ना, वाकडी. हात थरथरला असणार."

बाजारात कोबी विकणाऱ्या बायका तर त्याला सोडतच नसत.

"काय तोबियासभाऊ, तुमच्या फ्रान्सच्या दादाचा पाय कसा आहे?"

"वातानं धरलाय अजून. महिन्याभरात स्वतःच्या हातानं सही नाही."

"आणि स्पेनच्या वहिनी?"

"जातील आता माहेरी, असं दिसतंय."

हे तो थट्टेनं बोलत नसे. राजे एकमेकांना भाऊ म्हणतात, ती पत्रं आपल्या हातून जातात, तेव्हा ते घरचेच झाले, असा त्याचा साधा हिशेब होता. एकदा दोन राजांची लढाई जुंपली. एकानं दुसऱ्याला लिहिलं, त्याची नक्कल आमच्याकडे आली : प्रिय बंधू, तुमचे दोन किल्ले तोफांनी पाडणे मला भाग पडत आहे, आपला अत्यंत प्रेमळ बंधू. तोबियासनं कौतुकानं मान हलवली. "बघा, भांडणातसुद्धा पाच बोटं जागा सोडलीय. याला म्हणतात संस्कार."

त्याची बायको सिबिला पावभट्टी चालवायची. तिला असल्या संस्कारांचं कौतुक नव्हतं. "तुझ्या भावांनी कधी नाताळाला सॉसेज तरी पाठवलं का रे?" असं ती गिऱ्हाइकांसमोर विचारायची.

त्यांना एकच मुलगी, ओटिली. चोवीस वर्षांची, आईसारखी रुंद खांद्यांची, आणि बोलायला आईहून अर्धा शेर जास्त. तिचं फाइट नावाच्या तराफेवाल्याशी ठरलं होतं. आमच्या एल्लर नदीतून दर वसंतात लाकडांचे तराफे हॉलंडला जातात. बर्फ वितळून पाणी चढलं की निघायचं, ते पानगळ संपता संपता पायी परतायचं, आणि परतलं की ईस्टरपर्यंत रानात लाकूडतोड. लग्न झालेल्याला तराफ्यावर बायकोसह खोपट मिळतं. बायको सगळ्यांचा स्वयंपाक करते, हॉलंड बघते. ओटिलीला फाइटही हवा होता आणि हॉलंडही.

पण तिचं लग्न दोनदा हुकलं होतं, आणि दोन्ही वेळा बापाच्या हातानं.

आमच्याकडे कायदा असा. परक्या दरबारात कुणी राजघराण्यातलं वारलं की रीतसर पत्र येतं : अतीव दुःखाने कळवतो की वगैरे. ते पत्र दरबारानं स्वीकारलं की त्या क्षणापासून गावभर दुखवटा. राजा असेल तर सहा आठवडे, राणी असेल तर चार, पोर असेल तर दोन. तेवढे दिवस वाजंत्री नाही, नाच नाही, लग्न नाही. पहिल्या वर्षी लग्नाच्या आदल्या दिवशी कुणा सम्राटाची विधवा आई गेल्याचं पत्र आलं. दुसऱ्या वर्षी कुठल्याशा युवराजाचं अकरा दिवसांचं बाळ. तोबियासनं दोन्ही पत्रं तपासली, 'मान बरोबर' म्हणून शेरा मारला, आणि वाजंत्र्यांना घरी पाठवलं. दोन्ही वेळा दुखवटा संपेपर्यंत तराफे निघून गेले.

या वर्षी फाइटनं ओटिलीला स्पष्ट सांगितलं होतं. "हे बघ, तिकडे हॉलंडात डोर्ट्रेख्टला एक विधवा आहे. तिची पाणचक्की आहे. दोन वर्षं मला ती जेवायला वाढतेय. मी नाही म्हणत आलोय. पण माणसानं किती वर्षं नाही म्हणायचं?"

तर, तारीख ठरली. ईस्टर झाल्यावर तीन रविवार चर्चमध्ये लग्नाची घोषणा व्हायला हवी, ती आमची रीत. तिसरा रविवार झाला की मंगळवारी लग्न, गुरुवारी तराफे. अलीकडे होण्यासारखं नव्हतं आणि पलीकडे जाऊन उपयोग नव्हता.

आणि ईस्टरच्या आठवड्यातच हाम्बुर्गचं वर्तमानपत्र आलं : उत्तरेचा म्हातारा राजा वारला.

गावानं ते वाचलं, घडी घातली, आणि वाचलंच नाही असं ठरवलं. कारण पत्र आलं नव्हतं. पत्र येत नाही तोवर रौटेनफेल्सच्या हद्दीत तो राजा जिवंत. दर रविवारी पाद्रीबुवा उपासनेत मित्रराजांना दीर्घायुष्य मागत, तेव्हा या राजाचंही नाव घेत. तीन आठवडे पुरलेल्या माणसाला उदंड आयुष्य मिळो म्हणून आम्ही सगळे गंभीर चेहऱ्यानं 'आमेन' म्हणत होतो. शिंप्यानं दरबाराचे काळे कपडे शिवून खुंटीला टांगून ठेवले होते. ड्यूक महाराज तर बातमी वाचल्या दिवशीच रानकोंबड्यांच्या शिकारीला डोंगरावर पळाले. दुखवट्यात शिकार बंद असते ना! राजवाड्यातच नसलं, तर पत्र आल्याचं कळणार कसं? मागे पत्र घ्यायला कारभारी डॉक्टर पिस्टोरियस होतेच, त्यांना सगळे अधिकार देऊन ठेवले होते.

तिसऱ्या घोषणेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी 'तीन कार्प' खाणावळीसमोर एक घोडागाडी थांबली. आतून उतरला एक साठीचा, काळ्या कपड्यांतला, पाठ धरून कण्हणारा गृहस्थ. हातात काळी चामडी पिशवी. राजदूत फॉन ग्लाडेन. उत्तरेच्या नव्या राजानं, म्हणजे गेलेल्याच्या मुलानं, दुःखद पत्र घेऊन त्याला अकरा दरबारांत धाडलं होतं. आमचा नववा.

रीत अशी की मोहोरबंद अस्सल पत्र एकदम द्यायचं नाही. आधी त्याची उघडी नक्कल कचेरीत द्यायची, तंतोतंत, बोटाला बोट जुळणारी. मान बरोबर निघाला की सोमवारी सकाळी अस्सल पत्र स्वीकारायचं.

पिस्टोरियसनी नक्कल तोबियासच्या हातात दिली. "उद्या उपासनेनंतर शेरा दे. आणि तोबियास," म्हातारा खोकला, "लग्नाचं ऐकलं मी. वाईट वाटतं. पण पत्र म्हणजे पत्र."

संध्याकाळी तोबियास ती नक्कल घेऊन घरी आला. मी तिथेच होतो. सिबिलाच्या भट्टीशी बसून गरम पाव खात होतो, आणि जे ऐकायला मिळालं ते सोडून उठायला मी काही संत नाही.

ओटिलीनं बापाच्या हातातला कागद पाहिला आणि हातातली पिठाची परात दाणकन खाली ठेवली.

"तिसरा मेला वाटतं?"

"ओटिली, असं बोलू नये. राजा होता तो."

"बाबा, तुमच्या भावाबहिणींना माझ्या लग्नाशिवाय दुसरा मुहूर्त मिळत नाही का हो मरायला?"

तोबियासनं दिवा जवळ ओढला. टेबलावर कागद पसरला, मायन्याखाली आपली बोटं आडवी ठेवली. लांब, बारीक, लाखेच्या डागांची बोटं. बरोबर चार बसली. वहीत त्या राजाकडून चारच यायला हवी होती.

"चार," तो हळूच म्हणाला. "मान बरोबर आहे."

"तीन म्हण," सिबिला म्हणाली.

"चार आहेत."

"मेल्या, तुझ्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू बोट चोरत नाहीस?"

"अठ्ठावीस वर्षांत चोरलं नाही. एकदा खोटं मोजलं की मागची सगळी मोजणी खोटी होते, बये."

सिबिला पदरानं, म्हणजे एप्रननं, हात पुसत टेबलापाशी आली. "सरक. मला बघू दे." तिनं कागदावर आपली बोटं ठेवली. तीस वर्षं कणीक तिंबलेली बोटं ती. तीन बसली, आणि चौथं अर्धं मजकुरावर चढलं.

"साडेतीन!" ओटिली ओरडली.

"आईची बोटं धरत नाहीत," तोबियास म्हणाला.

"मग कुणाची धरतात? वहीत काय लिहिलंय, तोबियास हॉर्नुंगची बोटं म्हणून?"

"नाही. नुसतं 'चार बोटं' लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

तोबियास थबकला. "जुने कारभारी लिप्सियस. साठ वर्षं झाली."

"लिप्सियस!" मी तोंडातला पाव गिळला. माझ्या बापानं त्यांची नखं कापली होती, आणि घरी येऊन त्या हातांचं वर्णन केलं होतं. "अहो, त्यांची बोटं म्हणजे तळलेली सॉसेज. अंगठी कापून काढावी लागली होती एकदा."

मी हे सहज बोललो. आग लावायचा हेतू नव्हता. होता म्हणा थोडा.

तोबियास खुर्चीत बसला आणि आपला पंजा उलटसुलट करून बघू लागला. अठ्ठावीस वर्षांत त्याला हा प्रश्न पडलाच नव्हता. त्याच्या आधीच्या माणसाला पडला नव्हता, त्याच्या आधीच्यालाही नाही. साऱ्या युरोपचा मान आमच्या गावात कुणा ना कुणाच्या पंजानं मोजला जात होता, आणि पंजा कुणाचा, हे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"ही शंका खरी आहे," तो शेवटी म्हणाला. आवाज असा, की जणू घराच्या पायात भेग सापडली. "हे मला लिहावंच लागेल."

"लिही, लिही," सिबिलानं दौत पुढे सरकवली.

"पण लग्नासाठी नव्हे हं. खरं आहे म्हणून."

"हो रे बाबा. खरं आहे म्हणूनच लिही. पण आज लिही."

रविवारी चर्चमध्ये ओटिली आणि फाइटची तिसरी घोषणा झाली. पाठोपाठ उत्तरेच्या राजाला उदंड आयुष्य मागून झालं. फॉन ग्लाडेन मागच्या बाकावर काळ्या कपड्यांत बसला होता, त्यानं चमकून वर पाहिलं. उपासना संपल्यावर तोबियासनं पिस्टोरियसच्या हातात शेरा दिला : सध्याच्या तपासनिसाच्या बोटांनी चार, वही लिहिणाऱ्याच्या बोटांनी, ऐकीव माहितीनुसार, साडेतीन, कुठली बोटं धरावीत, याचा हुकूम व्हावा.

पिस्टोरियसचा चेहरा पिठासारखा झाला. कमी मानाचं पत्र स्वीकारलं तर महाराज त्यांना फाडून खाणार. बरोबर मानाचं पत्र परत पाठवलं तर उत्तरेचा नवा राजा महाराजांना खाणार. सोमवारी सकाळी सल्लागार बसले. सहाच्या सहा जणांनी आळीपाळीनं कागदावर बोटं ठेवली. तीन, साडेतीन, चार, सव्वाचार. एकाला दोनच बोटं होती, बाकीची लढाईत गेलेली. तो म्हणाला, माझ्या हिशेबानं दुप्पट मान आहे. दुपारपर्यंत घसे बसले आणि एकच ठराव झाला. मान महाराजांचा आहे, तर बोटंही महाराजांचीच धरली पाहिजेत.

डोंगरावर घोडेस्वार धाडला. संध्याकाळी तो चिठ्ठी घेऊन परतला. महाराजांनी लिहिलं होतं, "माझी बोटं बुधवारी येतील. तोवर ती बंदुकीला लागत आहेत."

म्हणजे बुधवारपर्यंत पत्र ना स्वीकारलं, ना नाकारलं. राजा जिवंत!

सोमवारी मी खाणावळीत फॉन ग्लाडेनची दाढी करायला गेलो. म्हातारा गुरकावत होता. "आठ दरबार झाले. कुठे दोरा नीट ओवला नाही म्हणाले, कुठे लाख पातळ म्हणाले. पण बोटं? कुणाची बोटं?"

"साहेब, खरं सांगू का," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. मला पोटात गोष्ट ठेवली की वात होतो.

त्यानं ऐकून घेतलं. अर्ध्या दाढीचा साबण वाळला. मग म्हणाला, "लग्नात जेवायला काय आहे?"

"हंस भाजणारेत. आंबट कोबी, डुकराचं मांस, आलुबुखाऱ्याचा केक. सिबिलाबाई स्वतः करणार."

"नऊ दरबारांत मला कुणी जेवायला बोलावलं नाही. काळे कपडे बघून लोक खुर्ची लांब ओढतात."

"पण साहेब, काळ्या कपड्यांनी लग्नाला नाही यायचं. अपशकुन."

"माझ्याकडे दुसरे नाहीत."

तर मंगळवारी उत्तरेच्या राजाचा राजदूत माझा हिरवा कोट घालून लग्नाला आला. कोट पाठीवर उसवला, आणि आजतागायत उसवलेलाच आहे.

लग्न झालं! फाइटनं 'हो' इतक्या जोरात म्हटलं की पाद्रीबुवांनी पुस्तक खाली केलं. चार वाजंत्री होते, तीन सारंग्या आणि एक बासरी. ओटिली इतकी नाचली की दोन वर्षांचं राहिलेलं सगळं एका दुपारी फेडून घेतलं. फॉन ग्लाडेननं पाठ विसरून सिबिलाबरोबर फेर धरला. तोबियास मात्र कोपऱ्यात बसून होता. हातात बीअरचा पेला, तोही तसाच भरलेला.

"काय रे, पोरीचं लग्न झालं, हस की," मी म्हणालो.

"उद्या महाराजांची बोटं जाड निघाली तर?" तो म्हणाला. "पत्र परत जाईल. हा म्हातारा त्याच्या राजापुढे तोंडघशी पडेल. भांडण होईल. आणि लोक म्हणतील, हॉर्नुंगनं पोरीच्या लग्नासाठी दोन भावांत बिब्बा घातला."

"बिब्बा नाही घातलास. खरं तेच लिहिलंस ना?"

"खरं लिहिलं. पण गेली अठ्ठावीस वर्षं का नाही लिहिलं, असं कुणी विचारलं, तर काय सांगू?"

मी त्याचा पेला पिऊन टाकला.

तेवढ्यात फॉन ग्लाडेन पेला उंचावून उभा राहिला. आता कुणाच्या नावानं पिणार? नव्या राजाचं नाव घेतलं तर जुना मेल्याचं कबूल केल्यासारखं.

"माझ्या राजाच्या प्रकृतीसाठी," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याचंच नाव घेतलं. कुणी हललं नाही. "प्या हो, प्या! मी शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होतो. फार चांगला माणूस. पत्राची शेवटची ओळ नेहमी स्वतःच्या हातानं लिहायचा. जिथे जातो तिथे मला सांगावं लागतं, तो गेला, तो गेला. तुमच्या गावात आलो तर चार दिवस तो जिवंत आहे. रविवारी त्याच्या आयुष्यासाठी तुम्ही देवाला सांगितलंत, ते मी ऐकलं. मला आवडलं तुमचं गाव."

मग आम्ही सगळे प्यालो, आणि एकदा पिऊन भागेना म्हणून पुन्हा प्यालो.

बुधवारी अकरा वाजता महाराज परतले. मला दाढीला बोलावलं होतं, म्हणून मी वस्तरा घेऊन खोलीत होतो. पिस्टोरियस, राजदूत आणि तोबियास रांगेत उभे. तोबियास दोन्ही हातांनी नक्कल धरून होता.

महाराज नेहमी हातमोजे घालायचे. उन्हाळ्यातही, जेवतानाही. दरबारी लोक म्हणायचे, केवढा रुबाब. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण त्यांची नखं मी कापायचो. महाराज सहा फूट उंच, आवाज तोफेसारखा, आणि हात मात्र बारा वर्षांच्या मुलीसारखे.

त्यांनी सर्वांवरून नजर फिरवली. पिस्टोरियसनी जमिनीकडे पाहिलं. मग महाराजांनी उजवा हातमोजा काढला आणि कागदावर बोटं ठेवली. चार. खाली जागा उरली. त्यांनी दुसऱ्या हाताचं एक बोट लावलं. ते अगदी नेमकं बसलं.

पिस्टोरियसनी वाकून ती बोटं मोजली.

"पाच," महाराज म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "पाच! बाप चार द्यायचा. पोरगा पाच देतो! ग्लाडेन, तुमच्या नव्या राजाला रीत कळते हो."

फॉन ग्लाडेन इतका खाली वाकला की त्याला वर करायला मला जावं लागलं.

महाराज तोबियासकडे वळले. "तू हॉर्नुंग ना? तुझी किती बसली?"

"चार, सरकार."

"आणि पिस्टोरियस म्हणतो, काल तुझ्या पोरीचं लग्न होतं."

तोबियासला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या क्षणी मला वाटलं, आता शिकून घे बाबा, पटकन. पण तो म्हणाला, "होतं, सरकार. लग्न नसतं, तर मी शंका काढली नसती. माझी चार बसली होती, मी चार लिहून मोकळा झालो असतो. पण शंका खरी होती. एवढंच."

महाराजांनी हातमोजा चढवला, एकेक बोट नीट ओढून. "लग्न नसतं, तर मला चारच मिळाली असती." मग जरा थांबून, "शिवाय मी तीन कोंबडे मारले. शनिवारी पत्र आल्याचं मला तिथेच कळलं होतं. सोमवारी ते स्वीकारलं असतं, तर शिकार बंद."

त्यांनी दोन हुकूम काढले. पहिला, यापुढे वहीत 'बोट' म्हणजे महाराजांचं बोट, आणि नव्या राजाला जाणाऱ्या उत्तरातही पाच बोटं जागा सोडावी. तोबियासनं ती पाच बोटं नंतर स्वतःच्या पंजानं मोजून पाहिली. चार भरली. कुणाचंच काही गेलं नव्हतं.

दुसरा हुकूम असा : ज्या राजानं एक बोट जास्त दिलं, त्याच्या बापाचा दुखवटा सहा नव्हे, नऊ आठवडे.

हा हुकूम दुपारी चौकात वाचला आणि सगळं गाव हॉर्नुंगच्या घराकडे बघू लागलं. सारंगीवाला बुधवारी संध्याकाळी भट्टीसमोर येऊन उभा राहिला. "नऊ आठवडे, तोबियासभाऊ! माझ्याकडे चार लग्नं होती."

"काल माझ्याकडे वाजवलंस ना?" सिबिला आतून म्हणाली. "तेवढ्यावर दम धर. हा घे केक."

त्यानं केक घेतला, पण रुसलेला चेहरा सोडला नाही.

गुरुवारी सकाळी तराफे निघाले. एरवी ढोल वाजवत, बंदुका उडवत निघतात. या वेळी काळ्या फिती बांधून, गुपचूप. काठावर सगळे काळ्या कपड्यांत. फॉन ग्लाडेन आपल्या गाडीतून टोपी हलवून दहाव्या दरबाराच्या वाटेला लागला. ओटिली खोपटाच्या दारात उभी, डोळे पुसतेय आणि हसतेय, दोन्ही एकदम. तोबियास काळा कोट, काळे मोजे, ताठ मान करून उभा. त्याला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. तपासनिसानं धावू नये, असं त्याचं मत होतं.

तराफा दोर सोडून पन्नासेक हात गेला असेल, तेवढ्यात ओटिली किंचाळली, "आई! तांब्याची कढई! कढई राहिली!"

सिबिलानं मागे बघितलं. कढई काठावरच्या दगडावर उलटी पडून होती. चाळीस माणसांचा स्वयंपाक, हॉलंडपर्यंत, आणि कढई रौटेनफेल्सला.

"तोबियास!"

तोबियासनं कढई उचलली, एकदा चौकाकडे बघितलं, एकदा नदीकडे, आणि तो काळा कोट उडवत काठाकाठानं धावत सुटला. डोक्यावरची टोपी मागे पडली. पुढे वळणावर तराफा काठाजवळून जातो, तिथे तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि कढई डोक्यावर धरून ओरडला, "फाइट, पकड!" फाइटनं आकडीच्या काठीनं कढई ओढून घेतली, आणि ओढताना सासऱ्यालाही थोडं ओढलं. तोबियास छातीपर्यंत भिजला.

आधी सारंगीवाला हसला. मग कोबीवाल्या बायका. मग डॉक्टर पिस्टोरियस, तोंडावर काळा रुमाल धरून. नऊ आठवड्यांच्या दुखवट्याचा पहिला दिवस, आणि सारं रौटेनफेल्स काठावर पोट धरून हसत होतं. ओटिली तराफ्यावरून कढईवर पळी बडवत होती, आणि पाण्यातला तो भिजलेला माणूस दोन्ही हात हलवत होता, तराफा वळणाआड जाईपर्यंत.